नाव उसनं, काम कुणाचं?

 

आज आपण पाट्यांबद्दल बोलणार आहोत. दुकानांच्या पाट्या. नगर-मनमाड रस्त्याने राहुरीतून जाताना, राहुरी फॅक्टरीकडे जाताना दोन्ही बाजूंना बघा. मोटार रिवाइंडिंग, पंप दुरुस्ती, फवारणी पंप, शिलाई मशीन, कडबाकुट्टी, सगळं मिळतं. पण कितीतरी पाट्यांवर सगळ्यात मोठं अक्षर दुकानदाराच्या नावाचं नसतं. ते असतं कुठल्यातरी नावाजलेल्या पंपाचं, मशीनचं किंवा हत्याराचं. दुकानाचं स्वतःचं नाव खाली कोपऱ्यात, बारीक.

आता यात सगळेच खोटे असतात असं आम्ही म्हणत नाही. त्यातले काही जण खरोखर त्या कंपनीचे अधिकृत विक्रेते असतात. कंपनीनेच त्यांना पाटी दिलेली असते. काही जण त्या कंपनीचा माल दुरुस्त करतात किंवा तिची हत्यारं वापरतात, म्हणून नाव लिहितात. आणि काही जणांचा त्या कंपनीशी काडीचाही संबंध नसतो. नाव घेतलं की गिऱ्हाईक आत येतं, एवढाच हिशोब. पाटी मात्र तिघांची सारखीच दिसते. आपण बायका गटाच्या पैशाने वस्तू घेतो, तेव्हा समोरचा या तिघांतला कोण, हे ओळखायला शिकलं पाहिजे. का? तर मशीन बंद पडलं तरी बँकेचा हप्ता बंद पडत नाही.

नाव एवढं चालतं कशामुळे, ते आधी बघू. आपल्या शेतकऱ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेलं नाव घेऊ, किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. मग कडबा कापायचं यंत्र केलं. १९०३ साली लोखंडी नांगर केला. त्या काळी शेतकरी लाकडी नांगर वापरायचे आणि लोखंडाने जमीन बिघडते असं पुष्कळांना वाटायचं. नांगर तयार होता, पण घ्यायला माणूस नव्हता. पहिले काही नांगर खपायलाच दोन वर्षं लागली. पुढे औंध संस्थानात जागा मिळाली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात येते. नांगरानंतर चरक आले, पंप आले, इंजिनं आली. याच घराण्याने १९३० साली 'स्त्री' नावाचं मासिक काढलं, ते आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने वाचलं.

म्हणजे बघा, ज्या नावावर शेतकऱ्याने आधी विश्वास ठेवला नाही, त्याच नावावर पुढे तो डोळे मिटून पंप घेऊ लागला. मधली वर्षं ही मेहनतीची होती. नाव म्हणजे साठवलेली मेहनत. आपण गटात दर महिन्याला थोडी थोडी बचत करतो आणि दहा वर्षांनी ती रक्कम मोठी दिसते, तसंच आहे हे. आता आपल्या बचतीच्या पेटीतून कुणी न विचारता पैसे नेले तर आपण त्याला काय म्हणू? नावाचंही तसंच आहे.

या नावावरून कोर्टात वादही झाला. किर्लोस्कर डिझेल रिकॉन या नावाच्या कंपनीविरुद्ध किर्लोस्कर प्रोप्रायटरी ही कंपनी न्यायालयात गेली आणि १९९५ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला. आडनावच किर्लोस्कर आहे, मग ते वापरू नये का, असा समोरच्या बाजूचा एक मुद्दा होता. प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण न्यायालयाने तो मानला नाही. माणसाला आडनाव जन्माने मिळतं, कंपनीला मात्र नाव आपण निवडून देतो. लोकांच्या मनात जे नाव एका उद्योगाशी घट्ट जोडलं गेलं आहे, ते नव्या कंपनीला दिलं तर लोक फसतात. म्हणून ते नाव वापरण्याविरुद्धची मनाई न्यायालयाने कायम ठेवली.

मैत्रिणींनो, हे झालं मोठ्या कंपन्यांचं. आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. कुकरची रिंग, म्हणजे झाकणातलं रबर, आपण सगळ्याच विकत घेतो. हॉकिन्स कुकर तुम्हाला माहीत आहे. मुरुगन एंटरप्रायझेस नावाची एक पेढी मयूर या नावाने कुकरच्या रिंगा विकत होती. वेष्टनावर लिहिलेलं होतं की ही रिंग हॉकिन्स प्रेशर कुकरला बसते, आणि त्यात हॉकिन्स हा शब्द वेगळ्या रंगात उठून दिसेल असा छापला होता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. २००८ साली दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने हॉकिन्सच्या बाजूने निकाल दिला. कारण साधं होतं. ती रिंग काही फक्त हॉकिन्सलाच बसणारी नव्हती, त्या मापाच्या दुसऱ्याही कुकरला बसत होती. मग एकट्या हॉकिन्सचं नाव ठळक करायची गरज काय होती?

या एका रिंगेत आजचा सगळा विषय आला. आपला कायदा असं म्हणत नाही की दुसऱ्याचं नाव तोंडातूनही काढू नका. १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा सुटे भाग विकणाऱ्याला सवलत देतो. तुमचा भाग कुठल्या मशीनला बसतो हे गिऱ्हाइकाला कळायला हवं, तर त्या मशीनचं नाव तुम्ही लिहू शकता. पण दोन अटी आहेत. एक, नाव लिहिण्याची खरोखर गरज हवी. दोन, वस्तू त्याच कंपनीने केली आहे असा गैरसमज होता कामा नये. 'अमुक पंपाला बसणारा भाग' असं साध्या अक्षरात लिहिणं वेगळं, आणि पंपाच्या कंपनीचं नाव तिच्याच रंगात, तिच्याच वळणात हातभर लिहून 'ला बसणारा' हे शब्द मुंगीएवढे करणं वेगळं.

दूरदेशीही हाच झगडा झाला आहे. शिलाई मशीन म्हटलं की सिंगर आठवतं. अमेरिकेत सिंगरच्या मशीनचे पेटंट हक्क संपले, तेव्हा दुसऱ्या कंपन्या तशीच मशीनं करून त्याच नावाने विकू लागल्या. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हक्क संपले आहेत, तशी मशीनं खुशाल करा, तो शब्दही वापरा. पण मशीन कुणी केलं आहे ते गिऱ्हाइकाला स्पष्ट दिसेल असं लिहा. सव्वाशे वर्षांपूर्वीचा निकाल आहे हा, पण आजही तोच प्रश्न विचारायचा असतो, हे केलं कुणी?

आता पाटीवरच्या दुसऱ्या युक्तीकडे येऊ. 'आमच्याकडे अमुक कंपनीच्याच मशीनवर काम होतं.' शिलाईच्या दुकानात असं लिहिलेलं असतं, मोटार भरणाऱ्याकडे असतं, सुतारकामात असतं, ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये असतं. ते खरंही असेल. पण यातून काय कळतं? हत्यार चांगलं आहे एवढंच. कारागीर चांगला आहे हे त्यातून कळत नाही. महागाच्या मशीनवरही झंपर उसवतो, जर शिवणाऱ्याने शिवणीला कापड सोडलं नसेल तर. मोटार भरताना हत्यार कुठल्या कंपनीचं आहे, यापेक्षा तार तांब्याची घातली की अ‍ॅल्युमिनियमची, किती जाडीची घातली, वॉर्निश करून नीट वाळवली का, हे महत्त्वाचं. विहिरीत सोडलेली मोटार आठ दिवसांत पुन्हा जळाली, तर पाटीवरचं नाव काही ती वर काढायला येत नाही. पिकाचं पाणी तुटतं ते आपलं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच केलेली नाही.

आणि मैत्रिणींनो, उसनवारी फक्त पंप-मशीनच्या नावाची होते असं नाही. आपल्या गावाच्या नावाचीही होते. राहुरी म्हटलं की लांबच्या शेतकऱ्याला कृषी विद्यापीठ आठवतं. १९६८ साली हे विद्यापीठ सुरू झालं. उसाचा फुले २६५, डाळिंबाचा भगवा, कांद्याचा फुले समर्थ, सोयाबीनचा फुले संगम, हे वाण इथल्या शास्त्रज्ञांच्या आणि मजुरांच्या मेहनतीतून आले. त्यामुळे राहुरी आणि फुले या दोन शब्दांना बाजारात किंमत आली. आता रोपवाटिका राहुरीत आहे म्हणून मालक पाटीवर राहुरी लिहिणारच, त्यात काही वावगं नाही. पण गावाचं नाव म्हणजे विद्यापीठाचा शिक्का नव्हे. पिशवीवर राहुरी लिहिलंय, चित्र झकास आहे, म्हणजे बी विद्यापीठाचं आहे असं समजू नका.

बियाण्याच्या पिशवीला टॅग असतो, तो बघा. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणित बियाण्याला निळा. सत्यप्रत बियाण्याला फिकट हिरवा टॅग असतो आणि त्याच्या गुणवत्तेची जबाबदारी ते भरणाऱ्यावर असते. म्हणून त्यावर उत्पादकाचं नाव, पत्ता, लॉट नंबर, उगवणशक्ती आणि चाचणीची तारीख आहे का, ते वाचा. कांद्याच्या बियाण्यात फसलो तर लगेच कळत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. रोप छान येतं, लागण होते, खत-पाणी होतं, आणि मग डेंगळे निघतात नाहीतर जोड कांदा निघतो. तोवर चार महिने गेलेले असतात. म्हणून पावती, रिकामी पिशवी, टॅग आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा. काही वाईट दिसलं तर पीक रानात उभं असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. पीक काढल्यावर पंचनामा कशाचा करणार?

आता वस्तू घेताना काय बघायचं, ते एकेक सांगतो. वहीत लिहून घ्या, पुढच्या बैठकीत वाचून दाखवा.

पहिलं, वस्तूवरची पट्टी वाचा. पंप असो, फवारणीचं यंत्र असो, पिठाची चक्की असो, मशीनवर धातूची पट्टी असते. तिच्यावर कुणी बनवलं, मॉडेल आणि अनुक्रमांक असतो. पाटीवरचं नाव आणि पट्टीवरचं नाव एकच आहे का, ते बघा. एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेलं असतं, तेव्हा अक्षर लावून लावून वाचा. इंग्रजी वाचता येत नसेल तर मुलीला, सुनेला बरोबर न्या.

दुसरं, दुकानदाराला सरळ विचारा, 'भाऊ, तुम्ही कंपनीचे अधिकृत विक्रेते आहात का? कागद दाखवता का?' खरा विक्रेता आनंदाने दाखवतो. खात्री करायची असेल तर कंपनीच्या फोनवर विचारा. पण तो नंबर दुकानदाराच्या कार्डावरचा नको, कंपनीच्या माहितीपत्रकावरचा घ्या.

तिसरं, पक्कं बिल. बिलावर कंपनीचं नाव, मॉडेल, अनुक्रमांक लिहून घ्या. 'पंप एक नग' एवढंच लिहिलेलं बिल उपयोगाचं नाही. हमीपत्रावर तारीख आणि शिक्का तिथल्या तिथे मारून घ्या. हमी कंपनीची आहे की दुकानाची, हेही विचारा.

चौथं, आयएसआय चिन्ह. त्याच्याजवळ सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोचं बीआयएस केअर नावाचं अ‍ॅप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की परवाना कुणाचा आणि कशासाठी आहे ते दिसतं. काही जण आयएसआयसारखं दिसणारं दुसरंच काहीतरी छापतात. नुसतं चिन्ह बघू नका, क्रमांक बघा.

पाचवं, अवजार अनुदानातून घेणार असाल तर पूर्वसंमती मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका आणि त्या मॉडेलचा तपासणी अहवाल आधी मागा. नावासारखं नाव असलेल्या मशीनला अहवाल नसेल तर प्रकरण अडतं आणि पूर्ण किंमत गटाच्या अंगावर पडते.

एवढं करूनही फसवणूक झालीच, तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. त्यावर मराठीतही बोलता येतं. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करायला हवी. मशीन धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, असं समोरचा म्हणेल. त्याला सांगा, स्वयंरोजगार करून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने यात धरली आहे. दिशाभूल करणारी जाहिरात हाही या कायद्यात गुन्हा आहे आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं.

इथपर्यंत आपण गिऱ्हाईक म्हणून बोललो. पण आता आपणही विकणाऱ्या झालो आहोत. पापड, मसाला, शेवया, पिशव्या, रोपं, सगळं गट विकतात. तेव्हा हा नियम आपल्यालाही लागू आहे.

आमच्यातल्या एका गटाने मिरची-हळद दळायचं मशीन घेतलं. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा पेंटर म्हणाला, "ताई, मशीनच्या कंपनीचं नाव मोठं टाकू का? ते नाव बघून लोक लगेच येतात." गटातल्या मावशी म्हणाल्या, "टाक की बाबा, खोटं थोडंच आहे? मशीन त्यांचंच आहे." त्यावर त्यांची सून म्हणाली, "आत्याबाई, मशीन त्यांचं, पण मिरची निवडायची कुणी? हळद उकडून वाळवायची कुणी? मसाल्यात वाळू लागली तर लोक शिव्या कुणाला देतील? आपल्यालाच. आणि मसाला चांगला निघाला तर नाव मात्र त्या कंपनीचं!" मावशी हसल्या, म्हणाल्या, "अगं, हे मात्र खरं बोललीस." मग गटाचं नाव मोठं लिहिलं. खाली गाव, अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक, आणि मिरची समोर निवडून, डेख काढून दळून मिळेल, एवढंच लिहिलं. कंपनीचं नाव मशीनच्या पट्टीवर आहे तेवढं पुरे, असं ठरलं.

सुनेचं म्हणणं आम्हाला पटलं, ते फक्त कायद्याच्या भीतीने नाही. दुसऱ्याच्या नावाने धंदा वाढवला तर आपलं नाव कधीच तयार होत नाही. उद्या त्या कंपनीने पाटी उतरवायला लावली, तर दहा वर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकाला आपलं नावसुद्धा ठाऊक नसेल. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती लिज्जत. त्यांनी पैसे उसने घेतले, नाव उसनं घेतलं नाही. उसने पैसे फेडता येतात. उसनं नाव फेडायचं कसं? म्हणून आपल्या पुडीवर 'लिज्जतसारखे पापड' असं लिहू नका. 'बाजरीचे पापड, हाताने लाटलेले, अमुक गट, अमुक गाव' असं लिहा.

जे खरं आहे ते मात्र जरूर लिहा. विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षण घेतलं असेल तर 'प्रशिक्षण घेतलेल्या महिलांचा गट' असं लिहायला हरकत नाही. पण विद्यापीठाचं बोधचिन्ह परवानगीशिवाय छापू नका आणि विद्यापीठाने मान्यता दिली असं सुचवू नका. शिकणं वेगळं, मान्यता वेगळी.

आणि आपलं नाव जपायचं असेल तर त्याची नोंदणी करता येते. व्यक्तीला, किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी मालाच्या एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये आहे. नोंदणी दहा वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते. नोंदणी मिळेपर्यंत नावाशेजारी वर्तुळातला आर छापायचा नाही, ते कायद्याने चालत नाही. साडेचार हजार एका छोट्या गटाला जड वाटतील. पण ग्रामसंघातल्या पाच-सहा गटांनी मिळून एकच नाव घ्यायचं ठरवलं, तर प्रत्येकीच्या वाट्याला फार येत नाही. मग त्या नावाखाली कुणी वाईट मसाला विकणार नाही, याची राखण मात्र सगळ्या गटांनी मिळून करायची.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीला एक काम करा. गेल्या दोन वर्षांत गटाने घेतलेल्या प्रत्येक मशीनचं बिल आणि हमीपत्र बाहेर काढा. बिलावरचं नाव, मशीनच्या पट्टीवरचं नाव आणि दुकानाच्या पाटीवरचं नाव, तिन्ही एकमेकींना वाचून दाखवा. जुळत नसतील आणि हमीची मुदत अजून बाकी असेल, तर त्याच आठवड्यात दुकानदाराकडे चौघीजणी मिळून जा. एकटीला दुकानदार बोलण्यात गुंडाळतो, चौघींना गुंडाळणं अवघड जातं.

आणि हो, आपल्या गटाच्या पुडीवर, पाटीवर काय लिहिलंय तेही एकदा वाचा. सगळ्यात मोठं अक्षर कुणाच्या नावाचं आहे? आपल्या नसेल, तर पुढच्या छपाईला बदला.